सध्या कितव्या पानावर आहात?

नमस्कार ताई,

आम्ही सात मैत्रिणी. शिक्षण संपून २२ वर्षं झाली तरी महिन्यातून एकदा भेटतो. भेटलो की आधी एक फेरी होते, प्रत्येकीने सांगायचं : सध्या काय वाचतेयस? ही फेरी मीच सुरू केली होती आणि आता मलाच तिची धास्ती वाटते. एक मैत्रीण वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवते, गेल्या वर्षी तिचा आकडा ७१ होता. दुसरी फक्त अनुवादित कादंबऱ्या वाचते आणि त्यांच्याबद्दल फार सुंदर बोलते. माझी वर्षाला जेमतेम पाच-सहा पुस्तकं होतात. त्यातल्या निम्म्या रहस्यकथा, आणि एक लहानपणचं पुस्तक, जे मी दरवर्षी पुन्हा वाचते. हे तिथे काय सांगणार?

तीन महिन्यांपूर्वी माझा नंबर आला तेव्हा मी एका जाडजूड, गाजलेल्या कादंबरीचं नाव घेतलं. म्हटलं, वाचतेय, विलक्षण आहे. खरं तर ५४ पानांनंतर मिटून ठेवली ती पुन्हा उघडलीच नव्हती. सगळ्या खूश झाल्या. त्यातल्या एकीने माझं ऐकून ती मिळवली, दोन महिने नेटाने वाचून काढली आणि परवा तिचा मेसेज आला : “संपवली! शेवटाबद्दल तुझ्याशीच बोलायचंय.” भेट पंधरा दिवसांवर आहे. नेटवर कथासार मिळतं, ते वाचून जाऊ का? की या वेळी काहीतरी कारण काढून टाळू?

आणखी एक. जे पुस्तक मला मनापासून आवडतं त्याच्याबद्दल मला बोलताच येत नाही. “छान आहे गं, वाच” याच्यापुढे शब्द फुटत नाहीत. असं का होतं?

– सातातली एक

प्रिय मैत्रिणी,

कथासार वाचू नका आणि भेटही टाळू नका. हे उत्तर वाचून झालं की त्या मैत्रिणीला फोन करा. मेसेज नको, फोनच. सांगा : “मी ती कादंबरी चौपन्न पानांवर सोडली होती. त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचतेय म्हणाले ते खरं नव्हतं. तू माझ्या शब्दावर दोन महिने घातलेस, म्हणून आधी तुला सांगतेय.” एवढंच. वेळ मिळत नव्हता, घरात गडबड होती, असली कारणं जोडू नका. ती रागावली तर रागवू द्या, तिचा तो हक्क आहे. मग थोडं थांबून तिला विचारा, की चौपन्नाव्या पानानंतर काय झालं.

हा शेवटचा प्रश्न मी उगाच सांगत नाही. मोठी कादंबरी नुकतीच संपवलेल्या माणसाला एक वेगळाच एकटेपणा येतो. दोन महिने तो त्या माणसांत राहिलेला असतो, कामं करताना त्यांच्याशी मनात बोललेला असतो, आणि शेवटचं पान उलटल्यावर एकाएकी सगळं घर रिकामं होतं. घरच्यांना त्यातलं कोणीच माहीत नसतं. म्हणून तिने “तुझ्याशीच” असं लिहिलं. तिला तुमची परीक्षा घ्यायची नाही, तिला सोबत हवी आहे. कथासार वाचून गेलात तर तिच्या प्रत्येक वाक्याला तुमच्याकडे उत्तर असेल आणि सोबत मात्र मिळणार नाही. शिवाय ते टिकणारही नाही. ती म्हणेल, “तो शेवटी दारापाशी नुसता उभा राहतो ना, तिथे तुला काय वाटलं गं?” आणि कथासारात ते दार नसतं. त्यात कोण मेलं, कोणाचं लग्न झालं एवढंच असतं. जे वाचून ती हलली ते नेमकं गाळलेलं असतं.

तुम्ही खोटं बोललात याबद्दल मी तुम्हाला रागावणार नाही. हे खोटं किती जणांच्या तोंडी असतं ते मी फार जवळून पाहिलंय. अकरा वर्षं मी एका ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसले आहे. परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी मी ते एकदा फडफडवून बघायचे, कारण लोक आत खुणा विसरतात. जुनी तिकिटं, केसांच्या पिना, औषधाच्या पाकिटाचा फाडलेला कपटा, एकदा तर एका लहान मुलाने काढलेलं घोड्याचं चित्र. ही खूण कुठे सापडते ते बघायची मला हळूहळू सवयच लागली. ज्या पुस्तकांचा फार गवगवा असतो, ज्यांच्यासाठी नावं लावून लोक वाट बघतात, त्यांत ती बहुधा सुरुवातीच्या साठ-सत्तर पानांतच असायची. आणि पुस्तक परत देताना तेच वाचक म्हणून गेलेले असायचे, “फार छान होतं हो.” पिन माझ्या हातात असायची. मी कधीच कोणाला काही बोलले नाही, पण वाईट वाटायचं. त्या माणसाने “मला नाही जमलं पुढे जायला” असं म्हटलं असतं तर मी त्याला दुसरं काहीतरी शोधून दिलं असतं. “छान होतं” म्हटल्यावर मला वाटायचं याला असंच आणखी हवंय, आणि मी तसंच एक जाड पुस्तक त्याच्या हातात ठेवायचे.

पुस्तक सोडण्यात तुमची चूक नाही. नॅन्सी पर्ल नावाच्या एका अमेरिकन ग्रंथपालबाईंनी यासाठी एक सोपा हिशेब सांगितला आहे, तो मला फार आवडतो. वय पन्नासपर्यंत असेल तर पुस्तकाला ५० पानं द्यायची. पन्नाशी ओलांडली की १०० मधून आपलं वय वजा करायचं, जे उरेल तितकीच पानं. म्हणजे सत्तरीच्या माणसाने ३० पानं वाचून पुस्तक मिटलं तरी त्याने त्याला न्याय दिला. वय वाढतं तसा वेळ मोलाचा होतो, म्हणून पानं कमी. तुमच्या पत्रावरून तुम्ही चाळिशीच्या पुढे-मागे असाल. चौपन्न पानं म्हणजे तुम्ही चार जास्तच दिलीत.

आता त्या फेरीकडे येऊ. तुम्हीच ती सुरू केलीत, म्हणून सांगते, तुमचा प्रश्न उत्तम आहे. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मात्र तुम्ही सातही जणींनी गमावला आहे. तो शब्द म्हणजे “सध्या”.

“काय वाचलंस?” हा हिशेब झाला. “तुला काय आवडतं?” ही ओळख झाली. “सध्या काय वाचतेयस?” याचा अर्थ तू आत्ता एका पुस्तकाच्या मध्ये कुठेतरी आहेस, तिथलं काय ते सांग. प्रवासात असलेल्या माणसाला आपण विचारतो ना, कुठवर पोचलास, गाडी वेळेवर आहे का, बाहेर काय दिसतंय, तसा हा प्रश्न. त्या माणसाने मुक्कामाच्या ठिकाणाबद्दल मत द्यावं अशी आपली अपेक्षा नसते. तो अजून पोचलेलाच नसतो. पण पुस्तकांच्या बाबतीत आपण गाडीत बसल्या बसल्या निकाल देऊन टाकतो : विलक्षण आहे, थोर आहे, ठीक आहे. तुम्ही ५४ पानांच्या बळावर “विलक्षण” म्हणालात, आणि तिथूनच सगळा गुंता सुरू झाला.

त्या दिवशी तुम्ही असं म्हणाला असतात तर? “मी त्या कादंबरीच्या चौपन्नाव्या पानावर अडकलेय. आत्तापर्यंत चौदा माणसं आलीत आणि त्यातल्या तिघांची नावं सारखीच वाटतात. पण एक म्हातारी आहे, ती आली की मला बरं वाटतं.” मग कदाचित सातांतली जिने ती पूर्वी वाचली असेल ती म्हणाली असती, “अगं, नावांकडे लक्ष देऊ नकोस, त्या म्हातारीला धरून चाल.” किंवा, “नव्वदाव्या पानापर्यंत कळ काढ.” किंवा, “मीही तिथेच सोडली होती.” या तिन्हींपैकी काहीही झालं असतं तरी तुमची संध्याकाळ चांगली गेली असती, आणि ती दुसरी मैत्रीण आपण काय हाती घेतोय हे समजून वाचायला बसली असती.

देवघेवीच्या टेबलासमोर मी हे रोज होताना बघायचे. एकजण पुस्तक परत द्यायला उभा, मागचा तेच पुस्तक न्यायला आलेला. दोघांची ओळख नाही. पुढचा वळून म्हणायचा, “पहिलं प्रकरण धीराने वाचा हं, नंतर पळतं.” किंवा, “यातली पत्रं आधी वाचलीत तरी चालेल.” तीस सेकंदांचं बोलणं. त्यात मत नसायचं, गोष्ट नसायची, कोणी कोणाला वाचनाची पातळी दाखवत नसायचं. वाटेवर पुढे गेलेल्याने मागच्याला खड्डा कुठे आहे ते सांगावं तसं ते असायचं. पुस्तकांबद्दलचं याहून उपयोगी बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही.

७१ पुस्तकांच्या वहीबद्दल थोडक्यात. वही ठेवणारीचा मला राग नाही. काय वाचलं ते विसरायला होतं, म्हणून लिहून ठेवणं चांगलंच. पण आकड्यात एक गोम आहे. २०१६ साली जॉर्डन एटकिन या संशोधक बाईंनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. चित्रं रंगवणं, चालणं, वाचणं अशा माणसं मजेसाठी करतात त्या गोष्टी त्यांनी घेतल्या आणि काहींना आपण किती केलं ते मोजायला लावलं. मोजणाऱ्यांच्या हातून काम जास्त झालं, पण त्यातली मजा कमी झाली. जे सहज करायचं ते नेमून दिलेल्या कामासारखं वाटायला लागलं. तुमच्या बाबतीत तर आकडाही तुमचा नाही, मैत्रिणीचा आहे, आणि तो तुमच्या पाच पुस्तकांची मजा घालवतोय. तिला एकदा विचारून बघा, की ७१ पैकी कोणतं पुस्तक संपूच नये असं वाटलं. ती खुलेल, आणि तिच्या वहीत किती जीव आहे तेही तुम्हाला दिसेल.

आता रहस्यकथा. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

ग्रंथालयात एक गृहस्थ यायचे, दर शनिवारी, आणि न चुकता हेरकथा न्यायचे. परत देताना टेबलाशी टेकून दोन मिनिटं बोलायचे, की या वेळचा हेर फारच बावळट होता, किंवा बोटीवरचा प्रसंग झकास रंगलाय. मी तेव्हा नवीन होते, नुकती पदवी घेतलेली, आणि लोकांना चांगलं वाचायला लावणं हे आपलं काम आहे असं मला वाटायचं. एका शनिवारी मी त्यांना म्हणाले, “काका, आता जरा काहीतरी चांगलं घेऊन बघा ना.” ते हसले. पुस्तक मात्र हेरकथेचंच घेतलं. पुढेही ते येत राहिले, पण टेबलाशी थांबणं बंद झालं. पुस्तक ठेवायचे, दुसरं उचलायचे, निघून जायचे. एका वाक्याने मी त्यांचं बोलणं काढून घेतलं आणि ते मला पुन्हा कधी परत देता आलं नाही. तुमच्या गटात असं कोणी तुम्हाला म्हणालेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तुम्ही स्वतःच स्वतःला म्हणताय. तेही थांबवा.

डॅनिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, जो बरीच वर्षं शिक्षक होता, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क, पुन्हा वाचण्याचा हक्क, वाटेल ते वाचण्याचा हक्क. बघा, तुमच्या पत्रातल्या बहुतेक सगळ्या अपराधांना त्यात जागा आहे. दहावा हक्क गप्प राहण्याचा. काय वाचलं, का आवडलं, हे कोणाला न सांगण्याची मुभा. एखाद्या महिन्यात तुमच्या मनात असं काही चाललेलं असेल, की पुस्तक तुमच्यापुरतंच ठेवावंसं वाटेल, तर “या वेळी मी फक्त ऐकते” म्हणा. “विलक्षण आहे” असं खोटं बोलण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्हाला गप्प राहायचं नाहीये.

आणि खरं सांगते, “सध्या काय वाचतेयस” या प्रश्नासाठी रहस्यकथेइतका योग्य प्रकार दुसरा नाही. कारण ती मधल्या पानावरच सगळ्यात जिवंत असते. शेवटच्या पानानंतर तिच्यात बोलायला फारसं उरत नाही. १२० व्या पानावर मात्र पाच जणांवर संशय असतो आणि प्रत्येकाला लपवण्यासारखं काहीतरी असतं. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने, जो धर्मगुरूही होता, रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते. गुन्हेगार गोष्टीत लवकर यायला हवा, आणि तपास करणाऱ्याला जो दुवा सापडतो तो वाचकापासून लपवून ठेवायचा नाही, हे त्यातले दोन. म्हणजे लेखक आणि वाचक समोरासमोर बसून खेळतात आणि पत्ते दोघांसमोर उघडे असतात. एलरी क्वीन या टोपणनावाने लिहिणारे दोन चुलतभाऊ तर आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत शेवटाच्या थोडं आधी गोष्ट थांबवून वाचकाला सरळ आव्हान द्यायचे, की सगळे दुवे आता तुमच्या हाती आहेत, सांगा बघू गुन्हेगार कोण. तुम्ही पुढच्या भेटीत नेमकं त्या जागी थांबा. घरात कोण कोण आहे, कोण केव्हा कुठे होतं, घड्याळ किती वाजता बंद पडलं होतं आणि तुमचा संशय कोणावर आहे, हे सांगा. मग बघा सहा जणी कशा पुढे सरकून बसतात. सत्तर पुस्तकं वाचणारीचा संशय वेगळ्या माणसावर असेल, सुंदर बोलणारीचा आणखी तिसऱ्यावर. त्या भांडतील. तुम्हाला मात्र खरंच शेवट माहीत नसेल, कारण तुम्ही खरंच मध्ये असाल. त्या अवस्थेत खोटं बोलायची गरजच पडत नाही.

दरवर्षी वाचायच्या पुस्तकाचंही असंच. “तेच पुन्हा वाचतेय” असं म्हणून विषय मिटवू नका. या वेळी काय वेगळं दिसलं ते सांगा. लहानपणचं पुस्तक मोठेपणी वाचताना कधी असं होतं, की तेव्हा आपण त्या पोराच्या मागे धावत होतो आणि आता लक्ष त्याच्या आईकडे जातं, जी संपूर्ण पुस्तकात चार-पाचदाच दिसते. पुस्तक तेच असतं, वाचणारी वर्षभराने मोठी झालेली असते. एकीने दरवर्षी एकच पुस्तक वाचून येऊन काय बदललं ते सांगावं, हे मला तरी सात नव्या पुस्तकांपेक्षा ऐकावंसं वाटेल.

तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. आवडत्या पुस्तकाबद्दल बोलता का येत नाही?

माझा समज असा, की पुस्तक फार आवडलं की ते आपल्याला सगळंच्या सगळं द्यायचं असतं. आपण गोष्ट सांगायला जातो. “एक मुलगी असते, तिचे वडील वारलेले असतात, मग ती…” आणि दुसऱ्याच वाक्याला आपलं आपल्यालाच कळतं, की हे काही ते नव्हे. जे आपल्याला लागलं ते यात कुठेच नाही. मग आपण ओशाळून “छान आहे, वाच” म्हणतो. तुमच्याकडे शब्द कमी नाहीत. तुम्ही अख्खं पुस्तक एका ओंजळीत धरायला जाता, म्हणून ते सांडतं.

ज्यांचा ५० पानांचा हिशेब वर सांगितला त्याच पर्लबाईंची आणखी एक कल्पना इथे उपयोगी पडते. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात : गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात ही चारही असतात, पण एखादंच दार मोठं असतं, आणि प्रत्येक वाचकाचंही एखादं सवयीचं दार असतं. गोष्टीच्या दाराने शिरणारा म्हणतो, रात्रभर खाली ठेवता आलं नाही. माणसांच्या दाराने शिरणारा म्हणतो, ती बाई माझ्या ओळखीची झालीय. जागेच्या दाराने शिरणारा म्हणतो, आठवडाभर मी त्या बेटावरच राहत होते. भाषेच्या दाराने शिरणारा वाचता वाचता थांबतो आणि तेच वाक्य पुन्हा वाचतो. तुम्ही कोणत्या दाराने आत गेलात तेवढं शोधा. माझा अंदाज आहे, तुमचं दार माणसांचं असावं, कारण ज्या कादंबरीत गर्दी होती तिथे तुम्ही थांबलात, आणि जे पुस्तक दरवर्षी उघडता ते बहुधा कोणालातरी भेटायला उघडता. चुकत असेन तर कळवा.

दार सापडलं की त्या दारातली एकच जागा निवडा. एक प्रसंग, एक पान, चार वाक्यं. पुस्तक बरोबर न्या आणि ते पान मोठ्याने वाचून दाखवा. आपल्याला बोलता येत नसेल तर पुस्तकाला बोलू द्यावं. वाचून झाल्यावर एवढंच म्हणा, “इथे मी थांबले होते.” कोणी विचारेल, का? तेव्हा जे तोंडातून येईल ते खरं असेल, घरून ठरवून आणलेलं नसेल.

याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो वर्षाला पाच पुस्तकं वाचणाऱ्यासाठी विशेष आहे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून, काय आठवतंय ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिलं तेव्हा उलट झालं होतं, आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. पुस्तक समोर नसताना दुसऱ्याला त्याबद्दल सांगणं म्हणजे असं आठवून काढणंच. ज्याबद्दल आपण कोणाशी तरी बोललो ते पुस्तक आपल्याजवळ राहतं. पाच पुस्तकं वाचून पाचांबद्दल नीट बोललेल्या माणसाकडे वर्षाअखेरीस पाच पुस्तकं असतात. ही काही लहान शिल्लक नाही.

शेवट सांगावा की नाही, हा वाद तुमच्यात होत असणार, सगळीकडे होतो. २०११ मध्ये जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी बारा कथा घेऊन प्रयोग केला होता, त्यात शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा थोड्या जास्तच आवडल्या. पुढे इतरांच्या प्रयोगांत उलटंही निघालं. तेव्हा ऐकणारीला विचारून घ्यावं, “सांगू का?” आणि रहस्यकथेचा शेवट तिने आग्रह केला तरी सांगू नये. एवढं कडक मी फार कमी बाबतींत बोलते.

“वाच” हा शब्दही जरा जपून वापरा. तो लाडाने म्हटला तरी समोरच्यावर ओझं टाकतो, आणि तिने वाचलं नाही की आपण मनात धरून बसतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, आणि वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातले तीन मी टेबलावर काचेखाली लिहून ठेवले होते. प्रत्येक वाचकाला प्रत्येक पुस्तक, असं त्यांनी म्हटलेलं नाही. म्हणून पुस्तक सुचवताना ते कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, दोन्ही सांगा. “तुला संथ चालणारं आवडत असेल तर बघ. घाईत असशील तर आत्ता नको घेऊ.” असं सांगितल्यावर जी वाचायला घेते ती आपल्या पायांनी जाते. जी घेत नाही तिचं तुमच्यावाचून काही अडलेलं नसतं, आणि तुमचंही तिच्यावाचून अडू नये.

भेटीच्या दिवशी सगळ्यांसमोर कबुलीचा मोठा कार्यक्रम करू नका. फोनवर एकीला सांगितलंत, तिचा मान राखला गेला. फेरीत तुमचा नंबर आला की एका वाक्यात सांगून टाका, “ती कादंबरी मी सोडली होती, तेव्हा सांगायला लाज वाटली,” आणि लगेच हातातल्या रहस्यकथेकडे वळा. मला जवळजवळ खात्री आहे, तुमच्या मागून आणखी एखादी म्हणेल, “मग मीही एक सांगते…”

फेरी तुमची आहे, तेव्हा तिची रीत बदलायलाही तुम्हीच सुचवा. प्रत्येकीने पुस्तक घेऊन यायचं, खूण घातलेलं, आणि आधी पानाचा आकडा सांगायचा. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मैत्रिणींनी असंच काहीसं सुरू केलं होतं. ठरवून दिलेलं पुस्तक नाही, गृहपाठ नाही, ज्याने त्याने आपापलं आणायचं, तासभर शेजारी शेजारी बसून मुकाट वाचायचं, मग वाटलं तर बोलायचं. ती रीत आता जगभर पसरली आहे. तुम्ही तास नको, वीस मिनिटं करून बघा. सात जणी एका खोलीत गप्प बसून आपापलं वाचताहेत, आणि मग कोणीतरी डोकं वर करून म्हणते, “अगं, हे ऐक.” त्या क्षणी “सध्या काय वाचतेयस” असं विचारावंही लागत नाही.

ती जाड कादंबरी बरोबर घेऊन जा. त्या मैत्रिणीला सांगा, तुला सगळ्यात आवडलेलं पान काढ आणि मला वाचून दाखव. नंतर तुम्हाला पंचावन्नावं पान उघडावंसं वाटलं तर उघडा, नाही वाटलं तर ज्याला हवी त्याला देऊन टाका.

आणि दरवर्षी वाचता ते लहानपणचं पुस्तक कोणतं, ते पत्रात लिहायचं राहून गेलंय. पुढच्या पत्रात नक्की लिहा. या वेळी कितव्या पानावर आहात तेही.

तुमची,
ताई